सहाव्या घरातली मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, खेळाची. टीव्हीला जोडलेल्या यंत्रात खुपसली की पडद्यावर माणूस उड्या मारायला लागतो ना, त्या जातीची. पण माझ्यासारखी दुसरी तुम्हाला कोणत्याच दुकानात मिळाली नसती. माझ्या अंगावर रंगीत चित्र नाही. राखाडी प्लास्टिक, एका कोपऱ्याला तडा आणि पाठीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, एवढाच माझा थाट. पट्टीवर पेन्सिलीने लिहिलं आहे, 'दुसरा भाग. चाचणी ४.' ही पट्टी नुसती नावासाठी लावलेली नाही. तिच्याखाली माझ्या चिपेवर नखाएवढी काच आहे. त्या काचेतून ऊन आत शिरलं, की माझ्या पोटातलं सगळं हळूहळू पुसलं जातं. तुम्हाला अंधाराची भीती वाटते. मला उजेडाची वाटते.

माझा जन्म एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. खाली शिंप्याचं दुकान, मधल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आणि वर दोन खोल्यांत खेळ बनवणारी छोटीशी कंपनी. डॉक्टरांचं यंत्र घरघरू लागलं की वरची माणसं आपापले गाल धरत. त्या दोन खोल्यांत एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण शेजारी शेजारी बसून काम करत. त्याला सगळे दादा म्हणत आणि तिला धाकटी. दादा आकड्यांच्या ओळी लिहून खेळ चालता करी. धाकटी चित्रं काढी. तिची एक वेणी नेहमी पुढे असे आणि कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल शोधत ती दिवसातून चारदा सगळी टेबलं धुंडाळी. शेवटी दादा न बघताच म्हणे, "कानामागे."

दोघांनी मिळून 'किल्लीवाला' हा खेळ बनवला होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला एक ठेंगणा, गोल माणूस छपरांवरून उड्या मारत जातो आणि बंद घरांची दारं उघडतो, एवढाच तो खेळ. पण मुलांनी तो डोक्यावर घेतला. एका शाळेने बाकांवरून उड्या मारायला बंदी घातल्याची बातमी छापून आली, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी ती कापून दारावर चिकटवली. आणि लगेच फर्मान सोडलं, "दुसरा भाग काढा! सुट्टी लागायच्या आत!"

दुसरा भाग म्हणजे आठ नवी घरं. सुट्टी आली आणि गेली, घरं काही पुरी झाली नाहीत. जाहिरातीतली तारीख एकदा बदलली, मग पुन्हा बदलली. दुकानदार साहेबांना फोन करत, साहेब दादाला करत, आणि दादाकडे फोन करायला कुणीच नसल्यामुळे तो नुसतं डोकं खाजवत बसे.

एके दिवशी धाकटी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, या वेळी खोक्यावर आमची नावं येतील ना?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "नावं छापली की उद्या दुसरी कंपनी तुम्हाला पळवून नेईल. मग मी काय, शिंप्याकडे काजं करू?"

"खोक्यावर नको तर नको. खेळ संपल्यावर पडद्यावर तरी?"

"खेळ कंपनीचा असतो, बाळ."

धाकटी वळली. "दादा, तू तरी बोल."

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. "जाऊ दे ना आता. नावाने काय होतंय?"

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतरचे पंधरा दिवस दोघांमध्ये कामापुरतंच बोलणं होई. पाचव्या घराचं छप्पर झालं. सहाव्या घराचं दार झालं. पण त्याच दिवसांत दादा जेवायला खाली उतरला, की धाकटी त्याच्या यंत्रावर बसे. आकड्यांच्या ओळी लिहायला तिला त्यानेच शिकवलं होतं. तिने सहाव्या घराला एक खिडकी काढली आणि खिडकीत एक मुलगी बसवली. किल्लीवाला त्या खिडकीखाली न हलता उभा राहिला, तरच ती मुलगी मान वर करून बोले आणि तिचे शब्द खालच्या काळ्या पट्टीत उमटत. घाईने पुढे पळणाऱ्याला ती दिसतच नसे. हे सगळं तिने दादाच्या यंत्रातल्या खेळात तसंच राहू दिलं, त्याची एक प्रत एका चिपेत भरली, पाठीवर पट्टी लावली आणि पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. तो माझा जन्म.

शुक्रवारी निघताना ती दादाला म्हणाली, "रविवारी तुला एक गंमत दाखवायची आहे. घरीच थांब."

"बघू," दादा म्हणाला. पण तो गालातल्या गालात हसला होता. मी तिच्या पिशवीच्या उघड्या तोंडातून पाहिलं.

शनिवारी तिला ताप भरला. रविवारी तिला दवाखान्यात हलवलं. ताप छातीत उतरला होता. दहाव्या दिवशी धाकटी गेली.

तिच्या आईने तिच्या पेन्सिली, खोडरबर, अर्धवट चित्रं आणि मला एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पेटी दादाच्या खोलीतल्या कपाटावर गेली. दादाने तिच्याकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि नंतर कधीच पाहिलं नाही.

पुढचं सगळं मला पेटीत पडल्या पडल्या, कानावर येईल तसं कळत गेलं.

दादा चौथ्या दिवशी कामावर गेला. खेळ चिपेत मावत नव्हता. त्या काळी चिपेत जागा फार थोडी असे आणि एकेका आकड्यासाठी मारामारी चाले. अक्षरंही त्यात आकड्यांच्याच रूपात असत. शेकडो आकड्यांच्या गर्दीत दादाला एक ओळ अशी दिसली, की जिचा त्याच्या वहीत काहीच उल्लेख नव्हता. त्याला वाटलं, कधीतरी चुकून राहिली असेल. त्याने ती पुसली. खेळ मावला. दुसरा भाग त्याच महिन्यात बाजारात आला.

आणि मग मुलांची पत्रं यायला लागली.

'सहाव्या घराच्या खिडकीत कोण आहे? ती मान वर करते. तिचं तोंड हलतं. पण ती काय बोलते ते येतच नाही, नुसती काळी पट्टी येते.'

दादाने ते पत्र कंपनीत वाचलं. तिथल्या तिथे यंत्र लावून तो सहाव्या घरापर्यंत गेला, खिडकीखाली थांबला आणि हात आखडून बसला. मुलीने मान वर केली. वेणी पुढे होती. कानामागे पेन्सिल होती. ओठ हलले. खाली काळी पट्टी उघडली, ओठ हलत होते तेवढा वेळ रिकामी राहिली आणि मिटली.

त्याला सगळं उमगलं. ती ओळ कुणाची होती आणि ती कुणी पुसली, हेही. चाचणीच्या चिपा उजेडात धरून पुसायच्या आणि पुन्हा वापरायच्या, ही कंपनीची पद्धत. एकही जुनी प्रत उरलेली नसणार, असं त्याने गृहीत धरलं. त्याच आठवड्यात त्याने नोकरी सोडली आणि पुढे आयुष्यभर एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला. खेळ पुन्हा म्हणून बनवला नाही.

मित्रांनो, रोज रात्री तो झोपे तेव्हा मी त्याच्या डोक्यापासून चार हातांवर असे. माझ्या पोटात ते शब्द जसेच्या तसे होते. पण आम्हा कॅसेटींना यंत्राशिवाय वाचा नसते.

आठ महिन्यांनी दुसऱ्या देशात हा खेळ काढायचं ठरलं. तिकडच्या लोकांनी किल्लीवाल्याची टोपी लाल केली, चार घरांची नावं बदलली आणि मुलगी काढून टाका म्हणून सांगितलं. मुलं घाबरत होती. तिच्याकडे जो वीस आकडे मोजेपर्यंत बघेल त्याच्या घरी कुणीतरी आजारी पडतं, अशी अफवा शाळाशाळांतून पसरली होती. साहेब जिना चढून दादाच्या घरी आले. त्यांचा आवाज मी लगेच ओळखला.

"आम्ही तिला पुसून पाहिलं. मग दार उघडतच नाही. किल्लीवाला नुसता उभा राहतो. असं कसं होतं?"

दादाने उत्तर दिलं. "जागा वाचवायला तिने चेहरा वेगळा काढलाच नसेल. ढगाचा तुकडा, दाराची कडी, किल्लीचं टोक, असलेल्या तुकड्यांतूनच जुळवला असेल. चेहरा पुसलात की कडी जाणार."

"मग तू नीट काढून दे ना. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"माझ्याकडून व्हायचं ते होऊन गेलंय, साहेब. आता मला तो खेळ दाखवू नका."

साहेबांनी शेवटी खिडकीवर एक पडदा रंगवून घेतला. तिकडच्या प्रतीत मुलगी दिसत नाही. पण थांबलात, तर पडदा तोंडाच्या जागी हलतो. मुलं आणखीच घाबरली.

वर्षं गेली. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली. अंगाने इवलीशी म्हणून तिला सगळे टिल्ली म्हणत. ती नऊ वर्षांची असताना खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. टिल्लीने मावसभावाकडून ते यंत्र मागून आणलं आणि नेमकी कपाटाला टेकून बसली. वर पेटीत मला माझंच संगीत ऐकू आलं, बारीक, डब्यात कोंडल्यासारखं. पाचवं घर झालं. सहावं सुरू झालं. उड्यांचा आवाज थांबला.

"बाबा, ही मुलगी काय बोलतेय हो? तोंड हलतंय, पण खाली काहीच येत नाही."

दादाच्या खुर्चीचा आवाज झाला. त्याने यंत्र तिच्या हातून घेतलं, सेल काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले.

"बाबा! मी जिंकत होते!"

"दुसरं काहीतरी खेळ."

टिल्ली रडली, मग रुसली, मग विसरली. निदान मला तसं वाटलं.

नंतर तो खेळ चकतीवर, म्हणजे सीडीवर आला. पहिला भाग, दुसरा भाग आणि कुणालाच न आवडलेला तिसरा, असा तिघांचा संच. पुढे तो फोनवर आला. फोनवर क्षणभर थांबलं की साबणाची जाहिरात येई, त्यामुळे खिडकीतली मुलगी कुणाला दिसलीच नाही. दर वेळी माझी भावंडं नवे कपडे घालून बाजारात जात, दर वेळी ती मान वर करी आणि दर वेळी पट्टी रिकामी. माझ्या पोटातली अक्षरंही आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. आमच्या चिपांचं तसंच असतं. अंधारातसुद्धा काही तुकडे आपोआप विरतात. एखाद्या ढगाची कड गेली, एका छपराचं कौल गेलं. पुढचा नंबर कुणाचा, हे मला कळत नसे. खरं सांगते, त्या वर्षांत मला उजेडापेक्षा काळाची भीती जास्त वाटली.

तेहतीस वर्षांनी एका दुपारी दारावरची घंटा वाजली. साहेब केव्हाच गेले होते. खेळ एका नव्या कंपनीने घेतला होता आणि दुसरा भाग नव्याने, मोठ्या पडद्यासाठी काढायचा होता. त्या कंपनीची एक बाई जुनं यंत्र पिशवीत घालून आली होती. दादा आता म्हातारा झाला होता. टिल्ली नेमकी माहेरी आलेली होती.

"जुनं काही आहे का तुमच्याकडे? चित्रं, वह्या, चाचणीच्या प्रती?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चिपा आम्ही पुसायचो."

"त्या खिडकीतल्या मुलीवरून आमच्यात दोन तट पडलेत. ठेवायची की काढायची? तुम्ही सांगाल तसं करू."

"काढून टाका," दादा म्हणाला. "आता जमेल तुम्हाला. जागेची अडचण नाही."

टिल्लीने चहाचे कप खाली ठेवले. "बाबा, आत्याची पेटी आहे ना वर."

"ती उघडायची नाही."

"का पण?"

दादाने कप बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग त्याने जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या बाईसमोर सांगितलं. बहिणीने नावासाठी शब्द टाकायला सांगितला, तो टाकला नाही. ती जाताना काही बोलून गेली, ते न वाचता पुसलं. "ती माझ्यावर चिडलेली होती. दर वेळी तिचं तोंड हलताना मला वाटतं, मलाच बोलतेय. त्या पेटीत तिचं काही लिहिलेलं असलं, तर ते मला झेपायचं नाही."

टिल्ली स्टूल ओढून आणत म्हणाली, "आत्याने शिव्याच घातल्या असतील, तर निदान त्या तरी ऐकू."

झाकण उघडलं. प्रकाश आत आला आणि मी पट्टीखाली जीव मुठीत धरला. पण बाई जाणत्या होत्या. माझी पट्टी बघताच त्यांनी आधी खिडकीचे पडदे ओढले. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही चाचणी चार आहे. विकली गेली ती सहा. म्हणजे ही ओळ पुसण्याच्या आधीची."

दादा खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला.

पहिल्यांदा मला यंत्रात घातलं, तेव्हा पडद्यावर नुसती भुरभुर आली. टिल्ली फुंकर मारायला निघाली, तसा दादा एकदम ओरडला, "फुंकू नको! थुंकी उडते, गंज चढतो." त्याने मला हातात घेतलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. पेटीतलं धाकटीचं खोडरबर घेऊन त्याने यंत्रात बसणारे माझे पितळी दात एकेक करून घासले. काम पूर्वीसारखंच नीट होत होतं. मग त्याने स्वतः मला आत सरकवलं.

धाकटीने मला बनवलंच होतं ते एका घरासाठी, त्यामुळे खेळ थेट सहाव्या घरापासून सुरू झाला. कौलं इकडची तिकडे झाली होती. संगीत मधेच अडखळत होतं. दादाच्या बोटांना मात्र प्रत्येक उडी पाठ होती. तो खिडकीखाली आला आणि थांबला.

मला माझी खात्री नव्हती. मित्रांनो, माझ्यात जेवढा जोर उरला होता, तेवढा मी लावला.

मुलीने मान वर केली. ओठ हलले. काळी पट्टी उघडली आणि तिच्यात एक एक अक्षर उमटू लागलं. एक अक्षर विरून गेलं होतं, तिथे ठिपका आला. बाकीचं वाचता येत होतं.

'ही घरं मी काढली. माझं नाव दादाला वि.रा. तो सांगेल.'

 पडद्यावर ती पट्टी मिटली, मुलीने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने पुन्हा वर केली. तेच शब्द पुन्हा आले. 'तो सांगेल.' पुन्हा मिटले. दादा तिसऱ्यांदा वाचत होता, तेव्हा टिल्लीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी वही काढली. "काय नाव होतं त्यांचं?"

दादाचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्याने पाणी मागितलं, घोटभर प्यायला आणि मग बहिणीचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टिल्ली बापाच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होती.

"आणि तिला काढू नका," तो म्हणाला. "तिला बोलू द्या."

माझ्यात जे उरलं होतं ते बाईंनी तिथेच उतरवून घेतलं. त्यानंतर मी चालू झाले नाही. ती यंत्रातली माझी शेवटची दुपार होती.

नवा खेळ सात महिन्यांनी आला. छापायच्या आधी नावांची यादी दादाकडे पाठवली होती. तिच्या नावात दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व वेलांटी पडली होती. दादाने फोन केला. दुरुस्त होऊन आली, तर दुसरंच अक्षर बिघडलेलं. त्याने पुन्हा फोन केला. असे चार फोन झाले. पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "आजोबा, एका वेलांटीने काय होतंय?" दादा म्हणाला, "मीही असंच म्हणालो होतो. तुम्ही दुरुस्त करा." आणि दुरुस्त होईपर्यंत त्याने फोन खाली ठेवला नाही.

आता मुलं खिडकीखाली मुद्दाम थांबतात. पण दादा तो नवा खेळ खेळत नाही. टिल्लीने एकदा लावून दिला, तर त्याने खिडकीपर्यंत नेला आणि तासभर तिथेच बसून राहिला, दाराकडे गेला नाही. तेहतीस वर्षं कुणी परत देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी बंद पेटी असेल. आत राग असेल, गाऱ्हाणं असेल, असं वाटून मोठी माणसं तिला हात लावत नाहीत. तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि ती उघडायला लावा. पडदे ओढून घ्या, वस्तू हलक्या हाताने उचला, दात घासा पण फुंकू नका. आणि उशीर करू नका. आमच्या पोटातली अक्षरं दर वर्षी थोडी थोडी विरत असतात.